निकाल शंभर टक्के, पण आठवीतली दहा पोरं गेली कुठं?

बोरबाभळ | ३ ऑगस्ट २०२४, रात्री ९.४०

जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं. हायस्कूल आठवी ते दहावी, एकेकच तुकडी, अनुदानित. मी २००१ च्या बॅचचा. यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली आणि तिचं काय करायचं यावरून दोन तट पडले. एक म्हणतो, भिंतीवरचा मोठा टीव्ही द्या. दुसरा म्हणतो, आधी शाळेत अभ्यास होतो का ते बघा, मग टीव्ही. ते बघायचं काम 'पुण्यातला शिकलेला' म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापक भला माणूस. कपाटाची किल्लीच हातात दिली.

फाटकावर फ्लेक्स झळकतोय, 'उज्ज्वल निकालाची परंपरा कायम, १००%'. मार्च २०२४ ला दहावीला २२ बसले, २२ पास. राज्याचा निकाल ९५.८१, कोल्हापूर विभागाचा ९७.४५, म्हणजे आम्ही दोघांच्याही वर. गेल्या वर्षी २४ पैकी २२ पास झाले होते, ९१.६७ टक्के. तेव्हा पारावर 'शाळा पार बिघडली' अशी हाकाटी झालेली. शिक्षक तेच, वर्ग तेच, गळकं छप्परही तेच. एका वर्षात शाळा बिघडली आणि सुधारलीसुद्धा!

म्हणून मी निकालाचा कागद बाजूला ठेवला आणि जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठीचं, कोपरे कुरतडलेलं. जून २०२१ ला आठवीत ३१ नावं चढलीत. शेजारी दहावीची यादी ठेवून पेन्सिलीनं एकेक नाव टिकत गेलो. २१ सापडली. बाविसावा पोरगा नववीत विट्याहून आलेला. उरली दहा.

मग शेवटचे रकाने वाचले. चौघांनी दाखला नेलाय. त्यातली दोन आठवीतली पहिल्या दोन नंबरांची पोरं, ती निवासी ॲकॅडमीत गेली. दोघांचे आईबाप गाव सोडून गेले. दोघं नववीत नापास, त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. एक पास झाला, एक गणितात अडकला. त्यांचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरत नाहीत. दोन पोरं गलाईला, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला गेली. एका मुलीपुढं लिहिलंय, 'पालकांच्या विनंतीवरून'. सरांना विचारलं तर म्हणाले, लग्न झालं. दहाव्या नावापुढं फक्त 'सतत गैरहजर', दाखला नेल्याची तारीखही नाही.

आता मला सांगा, या शाळेला मी किती मार्क देऊ?

---

आकडेमोड्या | ३ ऑगस्ट, रात्री ११.०५

बोरबाभळ, तुम्ही पेन्सिलीनं केलंत तेच खरं मूल्यमापन. माझ्याकडून थोडी भर.

२२ पोरांच्या वर्गात एक पोर म्हणजे साडेचार टक्के. एकीला पेपरच्या दिवशी ताप आला तरी शाळा विभागाच्या सरासरीखाली जाते. त्यामुळं छोट्या शाळेचा एका वर्षाचा टक्का म्हणजे नाणेफेक. किमान पाच वर्षांची पोरं एकत्र करा, म्हणजे शंभर-सव्वाशेचा आकडा होईल. तोवर 'वाढला', 'घसरला' हे शब्द वापरूच नका.

दुसरं, भागाकाराच्या खाली कोण आहे ते बघा. ३१ मधून दाखला नेलेले चार वजा केले की उरले २७. त्यातले दहावी पास २१, शिवाय १७ नंबरवाला एक, असे २२. म्हणजे साडेएक्याऐंशी टक्के. फ्लेक्सवर १०० आहे. दोन्ही आकडे खरेच, पण पहिला प्रश्न विचारतो की आलेल्या पोरांचं काय झालं, आणि दुसरा विचारतो की शेवटपर्यंत ठेवलेल्या पोरांचं काय झालं.

तिसरं, गुणपत्रिकेवर १०० पैकी नुसती बेरीज दिसते. त्यातले २० शाळेनं स्वतः दिलेले असतात. त्याची प्रत शाळेत असणार. गणिताच्या बेरजेतून ते वजा करा आणि ८० पैकी काय उरतं ते बघा. अंतर्गत १९ असतील तर लेखीत १६ ला पोर पास होतं. त्या सोळात आणि साठात फरक आहे की नाही?

---

खडूफळा | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

रविवार आहे म्हणून लिहितोय, एरवी वेळ नसतो. माध्यमिकला एकोणीस वर्षं गणित-विज्ञान शिकवतोय. शाळा तुमच्या शाळेएवढीच, जिल्हा दुसरा.

अंतर्गत गुणांवर बोललात म्हणून सांगतो. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल आला ७७.१०. बारा टक्के गळले. पोरं एका वर्षात ढ झाली का? नाही. आधीच्या टक्क्यात आमच्या पेनाची शाई किती होती, ते त्या वर्षी उघडं पडलं. मग बोंबाबोंब झाली, २० गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० वर. त्या बारा टक्क्यांत माझेही विद्यार्थी होते. आणि हो, मीही सगळ्यांना १८-१९ देतो. शेजारची शाळा देते, मी नाही दिले तर माझ्याच पोराची अकरावीची जागा जाते. मार खातं पोर, तत्त्व माझं राहतं.

आता १७ नंबर. बाहेरच्यांना वाटतं शाळा पोरं हाकलते. कधी कधी हाकलते, खोटं बोलत नाही. पण आमच्या डोक्यावर दोन तारखा असतात. ३० सप्टेंबरला पोरगं पटावर हवं, कारण त्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मंजूर ते ठरतं, आणि पट घसरला की आमच्यातला एक अतिरिक्त ठरतो. मार्चला तेच पोरगं यादीत नको, कारण निकाल खाली आला की खुलासा द्यावा लागतो. या दोन तारखांच्या मध्ये नववीचा एप्रिल येतो. तिथं मुख्याध्यापक पालकाला बोलावतात आणि म्हणतात, "पुन्हा नववीत बसवण्यापेक्षा बाहेरून बसवा, वर्ष वाचेल." पालकाला ते पटतं. वर्ष वाचतंही. फक्त त्या वर्षात त्याला शिकवायला कुणी नसतं.

बोरबाभळ, तुमच्या सरांना एक विचारा. गणिताचा शिक्षक शाळेत आहे का, की मराठीवालेच गणित घेतात? आमच्याकडं चार वर्षं जागा रिकामी होती. त्या चार वर्षांच्या निकालाचं मूल्यमापन करायचं तर माझ्या शाळेचं करू नका, जागा न भरणाऱ्यांचं करा.

---

नाकासमोर | ४ ऑगस्ट, सकाळी १०.३०

दोन-दोन हजार वर्गणी दिली की माणसं लगेच शिक्षणाधिकारी होतात. टीव्ही द्यायचा तर द्या, नाहीतर राहू द्या. शिक्षकांनी जनगणना करायची, मतदारयाद्या करायच्या, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, पोर्टलवर माहिती भरायची, आणि वर पुण्याहून येणाऱ्याला रजिस्टर दाखवायचं. तुमच्या वेळी किती पोरं गळाली होती, ते मोजलंत का?

---

बोरबाभळ | ४ ऑगस्ट, दुपारी १.२०

नाकासमोर, टोमणा लागला. मोजलं. त्याच कपाटात जुनं रजिस्टरही होतं. आमच्या आठवीत ४४ होतो, दहावीला बसलो २६. अठरांपैकी चौघांची नावं मला आठवतात. बाकीचे माझ्या बाकावर बसलेले असतील, तरी चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. म्हणजे आत्ताची शाळा आमच्यापेक्षा बरीच बरी आहे. हे मला फ्लेक्सवरून कधीच कळलं नसतं. सरांना सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

खडूफळा सर, गणिताच्या बाई आहेत. तीन वर्षांपूर्वी आल्या. आकडेमोड्यांनी सांगितलेली वजाबाकी त्यांच्याच टेबलावर बसून केली. २२ जणांत लेखी गणितात ८० पैकी ५० च्या वर पाच. २० च्या आत नऊ. बाईंनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "हे मला पाठ आहे."

---

भट्टीवाला | ५ ऑगस्ट, रात्री १२.१०

मी खानापूरकडचा, दुकान केरळात. दुकान बंद करून आत्ता वाचलं. मराठी लिहायची सवय गेलीय, चुकलं तर समजून घ्या.

भावा, तुझ्या त्या दोन गलाईवाल्या पोरांसारखाच मी. ९८ ला नववीतून आलो. मामाची भट्टी होती. दिवाळीत मामा गावाकडं आला, परत जाताना मला घेऊन आला. शाळेत कुणी विचारलं नाही, घरीही नाही. दोन वर्षांनी दाखला आणायला गेलो तर शिपाई म्हणाला, तू अजून आहेस होय.

नववीत शेकडेवारीचं गणित आलं की मी बाहेर बघायचो. शेकडा म्हणजे काय हेच डोक्यात शिरत नव्हतं. आता दिवसभर तेच करतो. आठ ग्रॅमची अंगठी आली, टंच, म्हणजे शेकडा शुद्धता, निघाला ८४, म्हणजे शुद्ध सोनं ६.७२ ग्रॅम. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६. गिऱ्हाईक समोर उभं असतं, चुकलं तर खिशातून जातं. भट्टीवर आठ दिवसांत आलं मला. मामानं माझ्या हातात काटा दिला आणि म्हणाला, शंभर भाग केलेत असं समज, त्यातलं सोनं किती ते सांग. एवढंच.

मला कुणी ढ म्हटलेलं आठवत नाही. मला कुणी काहीच म्हटलं नाही, तीच गोष्ट आहे. माझ्या वर्गाचा निकाल त्या साली चांगला लागला होता म्हणे.

गलाईला पोरं येतात ती पैशासाठीच येतात असं नाही. गावात दहावी झालेला घरी बसलेला दिसतो आणि नववीवाला गाडी घेऊन आलेला दिसतो. याचं काय करणार ते तुम्ही शिकलेले बघा.

---

आकडेमोड्या | ५ ऑगस्ट, सकाळी ८.००

भट्टीवाले, तुमच्या मामांनी 'शंभर भाग समज' म्हणून काटा हातात दिला, त्याला आमच्याकडं अध्यापन म्हणतात.

---

सुपारीबाग | ६ ऑगस्ट, सायंकाळी ५.४५

मी राजापूर तालुक्यातून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका. आमचा कोकण विभाग दरवर्षी पहिला, यंदा ९९.०१. त्यामुळे मला कुणी काही विचारत नसे. दहावीला अकरा मुलं, अकराच्या अकरा पास, पेढे वाटा, संपलं. त्यातलं किती आमचं आणि किती मुंबईहून मनीऑर्डर पाठवणाऱ्या बापांचं, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

पण एक काम मी तेरा वर्षं केलं, ते सांगते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आठवीतलं प्रत्येक मूल एकेकटं माझ्या खोलीत यायचं. सहावीच्या मराठी पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि एक भागाकार करायचा, ८२४ भागिले ८. बस. मुलामागे दहा मिनिटं. एका साध्या वहीत नाव, तारीख आणि दोन ओळी मी लिहायची. गुण नाहीत, श्रेणी नाही. जानेवारीत पुन्हा तेच, पान दुसरं, आकडे दुसरे.

हाच भागाकार का, तर निम्मी मुलं उत्तर १३ लिहितात. आठ एके आठ झालं, दोनाला भाग जात नाही, मग चार खाली ओढून चोवीस, आठ त्रिक चोवीस. मधलं शून्य राहून जातं. मी चूक सांगत नसे. विचारायची, "तेरा आठे किती?" मूल म्हणायचं, एकशे चार. "मग आपल्याकडे होते किती?" आठशे चोवीस. काही मुलं तिथेच हसत आणि खोडरबर मागत. काही माझ्याकडे बघत राहत, त्यांना एकशे चार आणि आठशे चोवीस यांत खटकण्यासारखं काही दिसत नसे. ही दोन प्रकारची मुलं गुणपत्रिकेवर अगदी सारखी दिसतात हो! पहिल्याला सराव हवा, दुसऱ्याला संख्या म्हणजे काय इथपासून हवं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. देशातल्या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. त्यातली पुष्कळशी मुलं तेव्हा शाळा-कॉलेजात नाव असलेलीच होती.

बोरबाभळ, आठवीत आलेलं मूल कुठं होतं हे माहीत नसेल तर दहावीत ते कुठं पोचलं यावरून शाळेबद्दल काहीच बोलता येत नाही. वस्तीवरच्या शाळेतून अडखळत वाचणारं मूल येऊन ५२ टक्के मिळवतं आणि ॲकॅडमीत निवडून घेतलेलं मूल ९२ मिळवतं. कोणत्या शाळेने जास्त शिकवलं? आणि तुमची ती बॅच सातवीचं बरंचसं वर्ष कोविडमध्ये घरी होती, हेही धरा.

---

खडूफळा | ६ ऑगस्ट, रात्री ८.३०

मॅडम, तुमची वही वरच्या कुणी मागितली नाही, म्हणून ती खरी राहिली. सरकारची पायाभूत चाचणी, म्हणजे मूल कुठवर आलंय ते बघणारी, २०१५ ला आली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पेपर आले, तपासले, गुण वर भरले. परत वर्गात काही आलं नाही. आणि पुढच्या चाचणीत 'प्रगती' दिसायला हवी म्हटल्यावर पहिल्या चाचणीचे गुण जपून द्यायला लागले लोक. ज्या मापानं आपलीच तपासणी होणार, ते माप माणूस हातानं दाबतो.

म्हणून बोरबाभळ, एक विनंती. हे जे काही मोजाल ते गावच्या ग्रुपवर टाकू नका. पुढच्या वर्षी तुम्हाला रजिस्टर मिळणार नाही.

---

नाकासमोर | ६ ऑगस्ट, रात्री ९.१०

हे पटलं. आणि लग्न झालेल्या मुलीबद्दल कुणी काही बोललं नाही, ते तेवढं बोला.

---

सुपारीबाग | ६ ऑगस्ट, रात्री ९.५०

खरं आहे. १७ नंबर तिच्यासाठीही आहे. सासरच्या गावाजवळ केंद्र असतं. मी अशा दोघींना बसवलं होतं. एकीची सासू परीक्षा संपेपर्यंत बाळ घेऊन शाळेच्या पडवीत बसायची. पण त्यासाठी आधी तिच्या घरी कुणीतरी गेलं पाहिजे, आणि शक्यतो बाईमाणसानं.

---

बोरबाभळ | ३१ ऑगस्ट, रात्री १०.१५

उशीर झाला, माफ करा. मागच्या शनिवारी गावी गेलो होतो.

सुपारीबाग मॅडमचा भागाकार आठवीच्या २६ पोरांना दिला. मी नाही, गणिताच्या बाईंनी दिला, मी ऑफिसात बसलो. अकरा जणांचं बरोबर आलं. १३ लिहिणारे नऊ. बाकीच्यांचं काय ते बाईंनी वहीत लिहिलंय आणि वही त्यांच्याच कपाटात आहे. मीही मागितली नाही. मुलीच्या सासरी बाई स्वतः जाणार म्हणाल्या, पोळ्यानंतर.

नंतर मुख्याध्यापक आणि मी त्या 'सतत गैरहजर'ला शोधायला निघालो. वाटलं होतं कुठं पुण्या-मुंबईला असेल. गावापासून चार किलोमीटरवर माळावर सापडला. घर मेंढपाळाचं. पावसाळ्यात इकडं असतात, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरपासून गैरहजर. पोरगं आता सतरा वर्षांचं. सरांना बघून आधी मेंढरांमागं गेलं, मग आलं. सर म्हणाले, "अरे, तुझं नाव अजून आमच्याकडं आहे." त्यानं विचारलं, "मग परीक्षेला हजेरी लागती का?" १७ नंबरला लागत नाही म्हटल्यावर बापाकडं बघितलं. बाप म्हणाला, मार्चला आम्ही कराडकडं असतो, तिथनं एसटीनं येईल की.

फॉर्म भरायचा ठरलंय. अडचण अशी की दाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर दुसरं, जन्मतारीखही जुळत नाही. आधारवर १ जानेवारी टाकलीय. सोमवारी पोळा आहे, मंगळवारी आटपाडीला जायचं म्हणतोय. प्रतिज्ञापत्र चालेल का, कुणाला अनुभव असेल तर सांगा. टीव्हीचं अजून ठरलेलं नाही.

---

खडूफळा | ३१ ऑगस्ट, रात्री १०.४०

आधी सरांकडून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, सही-शिक्क्यासह. कोणते कागद लागतात ते विचारून आधी आधार दुरुस्त करा, फॉर्म मग. उलटं केलंत तर गुणपत्रिकेवर चुकीचं नाव येतं आणि ते बदलताना नाकी नऊ येतात. पोराला बरोबर न्या, अंगठा त्याचाच लागतो. आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग रस्त्यावर येते.